गोव्यात दिवसा कोल्हे पाहायचे असतील तर

प्रश्न पेडणे तालुक्यातल्या एका बागायतदाराचा आहे. थोडक्यात असा: सड्याला, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराला, लागून काजूची बाग, खाली कलिंगडांचा मळा. एप्रिल लागल्यापासून सकाळी आठ-नऊला, चांगल्या लख्ख उजेडात, कोल्ह्यांची जोडी दगडी गडग्यावरून येते-जाते. बघायला मजा येते, पण कलिंगडंही फुटलेली सापडतात. परदेशी व्हिडिओंत माणसं तोंडाने उंदरासारखा चीं-चीं आवाज काढून कोल्ह्याला जवळ आणतात आणि गोळी घालतात. घरात पीक संरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे. तेव्हा दिवसा कोल्हा टिपता येईल का, आणि टिपायचा नसेल तर नीट बघायचा कसा?

बंदुकीचं आधी उरकून टाकू. ती कपाटातच राहू द्या. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २०२२ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली, आणि आता कोल्हा पहिल्या अनुसूचीत, वाघ-बिबट्याच्या पंगतीला बसला आहे. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड किमान २५ हजार रुपये. पीक संरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्यासाठी मिळतो. तो पुढे करून कोल्हा मारल्याचं समर्थन होत नाही. कायद्यातली शिकारीची व्याख्याही आपल्या समजुतीपेक्षा बरीच रुंद आहे. मारणं तर आलंच. पण फासकी लावणं, विष घालणं, हाका देऊन हुसकणं, आमिष ठेवणं आणि यातलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीत मोडतं. जनावर माणसाच्या जिवावर उठलं असेल किंवा बरं न होण्याइतकं आजारी असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. तो अधिकार त्यांचा. कलिंगडं खाल्ली हे कारण त्यात बसत नाही.

व्हिडिओंतला कोल्हा तांबडा, युरोपातला. इंग्लंडमध्ये जमीनमालकाने बंदुकीने तो मारायला सहसा आडकाठी नसते. कुत्र्यांचा कळप सोडून पाठलाग करायला मात्र २००४ च्या कायद्याने बंदी आली. हाच खेळ इंग्रजांनी उटीला आणला होता. तिथे तांबडा कोल्हा नव्हता म्हणून घोड्यांवरून आपल्याच कोल्ह्यामागे धावायचे. आपल्याकडे गावोगावच्या पारधीत कोल्ह्याला कुणी फारसं विचारत नसे. हाकारे उठायचे ते रानडुकरासाठी आणि सांबरासाठी. कोल्हा मध्येच निसटून जायचा. पण त्या पारधीत जाणाऱ्या जुन्या माणसांना वारा कळायचा, माग कळायचा, दोन तास न हलता बसता यायचं. कोल्हा बघायला नेमकं तेवढंच लागतं. म्हणून पुढचं सगळं शिकाऱ्याच्याच शाळेतलं आहे, फक्त शेवटचा धडा गाळलेला.

तुमच्या सड्यावरचा कोल्हा म्हणजे सोनेरी कोल्हा, कोकणीतला कोलो. वजन आठ ते अकरा किलोच्या आसपास, खांद्याशी उंची जेमतेम दीड फूट. खोकड वेगळं. ते दोन-तीन किलोंचं, मोठ्या कानांचं, झुबकेदार लांब शेपटीचं, देशावरच्या उघड्या माळरानाचं जनावर. गोव्यात कुणी खोकड दिसलं म्हणून सांगितलं तर मी आधी फोटो मागतो. बहुतेक वेळा ते कोल्ह्याचं अर्धवट वाढलेलं पिल्लू निघतं. खरी गल्लत होते ती गावच्या भटक्या कुत्र्याशी, विशेषतः लांबून. शेपटी बघा. कोल्ह्याची शेपटी आखूड, मागच्या पायांच्या ढोपरापर्यंत, टोकाला काळी, आणि चालताना खालीच लोंबते. कुत्र्यासारखी वर वळून कमान होत नाही. चालही निराळी. कुत्रा इकडे हुंगत, तिकडे भटकत जातो. कोल्हा एका लयीत दुडक्या चालीने, जणू कुणी वाट आखून दिल्यासारखा, सरळ रेषेत जातो. पाठीवर काळसर केसांची झाक, कानामागे आणि पायांवर तांबूस रंग. सत्तरी-सांग्याच्या जंगलात विटकरी रंगाची, काळ्या झुबकेदार शेपटीची टोळी दिसली तर ते कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे. तो विषय वेगळा.

आता दिवसा का दिसतो? कोल्हा निशाचर, हे आपण धरून चालतो ते चुकीचं आहे. जिथे माणसाचा त्रास कमी तिथे तो सकाळ-संध्याकाळ उजेडात खुशाल फिरतो. जिथे मागे कुत्री लागतात, दगड बसतात, तिथे तो रात्रीची पाळी धरतो. त्यामुळे तुमच्याकडे जोडी नऊ वाजता दिसते याचा मी पहिला अर्थ लावीन तो असा की तुमच्या बागेत त्यांना धास्ती वाटत नाही. दुसरं कारण महिन्यात आहे. कोल्ह्यांचा जोडा फेब्रुवारी-मार्चमध्ये जमतो, मादी साधारण ६३ दिवसांनी विते, म्हणजे एप्रिल-मेमध्ये बिळात पिल्लं असतात. पिल्लांची तोंडं भरायला रात्र पुरत नाही. नर-मादी दोघंही आणतात, कधी आदल्या वर्षीचं एखादं थोरलं पोरही घरीच राहून धाकट्यांची राखण करतं. तिसरं कारण तुम्हाला आवडणार नाही: जवळपास कुठेतरी फुकटचं खाणं पडत असणार. सड्याच्या कडेला, रस्त्याच्या वळणावर चिकन सेंटरची पोती रिकामी होतात का, ते आधी बघून या. गोव्यात दिवसाढवळ्या कोल्हे दिसतात अशा कितीतरी जागांचा माग शेवटी अशाच ढिगाऱ्याशी जातो.

जागा आणि हंगाम सांगतो. सडा पावसाच्या तोंडापर्यंत चांगला, कारण गवत वाळून बसलेलं असतं आणि काळ्या कातळावर हालचाल लगेच उठून दिसते. जूननंतर गवत कमरेपर्यंत चढलं की कोल्हा तुमच्या पायाशी असला तरी दिसणार नाही. जुन्या, सोडून दिलेल्या चिरेखाणी, म्हणजे जांभा दगडाच्या खाणी, मात्र बारमाही. त्यांत पाणी साठतं, कडेने करवंदीच्या जाळ्या माजतात, भिंतीत कपारी असतात. कोल्ह्याला घर म्हणून आणखी काय हवं? करवंदं, जांभळं, बोरं तो आवडीने खातो. कोल्हा काकडीला राजी असं आपण म्हणतो, ते मळा करणाऱ्याला वेगळं समजावायला नको.

माझी स्वतःची आवडती जागा खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेतं. भात कापून झालं, वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, अजून लावलेलं नाही, अशा दिवसांत खाजनाच्या बांधावर कोल्हा जसा दिसतो तसा दुसरीकडे कुठेच नाही. बांध त्याचा हमरस्ता. एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला खुंटांची शेतं, मध्ये मानशीशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दरवाजाशी, मासे आणि खेकडे. ओहोटीला तो चिखलात उतरून खेकडे शोधतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणजे उजेड आणि उघडा चिखल एकाच वेळी मिळतात. तेवढे दिवस साधा. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यातही कोल्हे आहेत. लोक तिथे पक्ष्यांसाठी जातात आणि कोल्हा बघून परततात. तिथे वन खात्याच्या नियमांनुसारच फिरायचं.

जमीन कुणाची आहे ते मात्र आधी पाहा. सडा बऱ्याचदा कोमुनिदादचा, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेचा असतो, बाग कुणाची तरी, बांध शेतकऱ्यांच्या संघटनेचा. काजूच्या हंगामात दुर्बीण गळ्यात घालून परक्याच्या बागेत लपून बसलेल्या माणसाला गाव काय समजेल ते सांगायला नको. आदल्या दिवशी जाऊन बोला. गुराखी, नारळ पाडणारा पाडेली, मानशीवरचा माणूस यांच्याशी दहा मिनिटं गप्पा मारल्यात तर कोल्हा कुठून येतो, कुठे पाणी पितो, सगळं कळतं.

वाऱ्याचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि पुस्तकं वाचून आलेले लोक इथेच फसतात. कोल्ह्याचं नाक तुमच्या दुर्बिणीच्या कितीतरी पुढे आहे. वास त्याच्याकडे जाता कामा नये, म्हणजे वारा त्याच्याकडून तुमच्याकडे यायला हवा. आता गोव्यात हिवाळा-उन्हाळ्यात पहाटेपासून सकाळपर्यंत वारा जमिनीवरून समुद्राकडे, पूर्वेकडून पश्चिमेला वाहतो. म्हणजे तुम्ही कोल्ह्याच्या पश्चिमेला बसलं पाहिजे. पण मग सूर्य थेट तुमच्या डोळ्यांत! कोल्हा दिसतो तो नुसता काळा ठिपका. संध्याकाळी वारा फिरतो, समुद्राकडून येतो. आता तुम्ही पूर्वेला बसायचं आणि सूर्य पुन्हा समोरच. सकाळ असो की संध्याकाळ, किनारपट्टीवर वारा आणि ऊन एकमेकांच्या विरोधात असतात. यातून मार्ग एकच: आडवं बसा. कोल्ह्याच्या वाटेच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला, म्हणजे वारा बाजूने जातो, ऊनही बाजूने पडतं आणि अंगावरच्या केसांचा रंगसुद्धा नीट दिसतो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास वारा पडतो आणि मग दिशा बदलायला लागते; त्या अर्ध्या-पाऊण तासात कसलाच भरवसा नाही, तेव्हा उठलेलं बरं. वारा बघायला चिमूटभर राख किंवा सावरीचा कापूस पुरतो.

बसायला पाठीमागे काहीतरी हवं: काजूचा बुंधा, चिऱ्यांचा गडगा, करवंदीची जाळी. आभाळाच्या रेषेवर डोकं काढलंत तर संपलं. मळकट, खाकी, शेवाळी कपडे पुरेत; सैन्यासारखे छापील कपडे घालून गावातून फिरू नका, उगीच संशय येतो. रंगापेक्षा हालचाल घात करते. डास चावला तर चावू द्या. अत्तर, ओडोमॉस, विडी-सिगरेट नको. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण या कामाला उत्तम, आणि अंतर शंभर पावलांच्या आत आणायचा हट्ट धरू नका. बरोबर कुत्रा तर मुळीच आणायचा नाही.

ते चीं-चीं आवाज काढणंही नको. सोनेरी कोल्हा येतोही अशा आवाजाला, कधी कधी. पण बिळात पिल्लं असताना त्याला खोट्या भक्ष्यामागे धावडवणं म्हणजे त्याचा वेळ आणि दम फुकट घालवणं, आणि कायद्याच्या नजरेत आमिषापर्यंतचं अंतर फार राहत नाही. मोबाईलवर कोल्हेकुई लावण्याचीही हल्ली टूम आहे. कोल्हेकुई म्हणजे त्या कुटुंबाची हद्दीची हाळी. अनोळखी हाळी ऐकून जोडी खाणं सोडून हद्द राखायला धावते.

तुम्हाला कोल्हा कुठे आहे ते सांगायला फुकटचे खबरे आहेत. पहिली टिटवी. सड्यावर ती उघड्या कातळावरच अंडी घालते आणि कोल्हा अंडी खातो, त्यामुळे त्याच्यावर तिची नजर पक्की असते. माणसावर ओरडताना ती घिरट्या घालते आणि लांब जाते. कोल्ह्यावर मात्र ती पुन्हा पुन्हा खाली झेपावते आणि झेपेची जागा हळूहळू पुढे सरकत राहते. जागा सरकतेय म्हणजे खाली काहीतरी चालतंय. मोर आणि कावळेही सांगतात, पण कावळे कशावरही कलकलाट करतात.

पायांचे ठसे बांधाच्या ओल्या चिखलात सकाळी लवकर बघा. कुत्र्याचा ठसा फताडा, चारही बोटं सुटी. कोल्ह्याचा लांबोडका, निमुळता, आणि पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या असतात. चिखल मऊ, पण पातळ नसेल, तर गुडघे टेकून बघितल्यावर ती जोड स्पष्ट दिसते. वर नखांची दोन टोकं जवळजवळ, समांतर. विष्ठा तो मुद्दाम उंचवट्यावर, दगडावर, वाटांच्या तिठ्यावर टाकतो. काडीने उकलून बघितलीत तर उंदराचे केस, खेकड्याच्या कवचाचे तुकडे, बोराच्या बिया असं पूर्ण जेवण कळतं. हात लावू नका, त्यातून जंत होतात.

आणि मग एखाद्या सकाळी बसल्याचं सार्थक होतं. कापलेल्या शेतात कोल्हा खुंटांमधून सावकाश चालतो आणि मध्येच थबकतो. पुढचा एक पाय उचललेला, तो तसाच अधांतरी. दोन्ही कान पुढे वळतात, मग डोकं किंचित एका बाजूला, मग दुसऱ्या. डोळ्यांनी तो काही शोधत नसतो. पेंढ्याखाली उंदीर कुरतडतोय त्याचा आवाज दोन कानांत तोलत असतो. शेपटी ताठ होते. मग मागच्या पायांवर भार घेऊन तो कमानीसारखा वर उसळतो आणि पुढचे दोन्ही पाय जोडून, नाक खाली करून, बरोबर त्या जागेवर पडतो. चुकला तर क्षणभर तिथेच उभा राहून पेंढा उकरतो, मग जणू काही घडलंच नाही अशा थाटात पुढे. साधला तर डोकं दोनदा झटकतो आणि गिळतो. पण उंदीर तोंडात तसाच धरून दुडक्या चालीने करवंदीकडे निघाला, तर समजा तिकडे पिल्लं आहेत. त्याच्या मागे जाऊ नका. बीळ सापडलं तरी लांबूनच मागे फिरा, फोटो नको, ड्रोन तर नकोच. माणसाचा वास लागला की मादी एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या हलवाहलवीत भटकी कुत्री पिल्लं गाठतात.

एक सावधगिरी. उजेडात दिसणारा प्रत्येक कोल्हा निरोगी असतोच असं नाही. तुमची जोडी नीट चालते, तुम्हाला बघून वाट बदलते, म्हणजे ठीक आहे. पण एकटाच, झिंगल्यासारखा, लाळ गाळणारा, माणसाला न भिता सरळ अंगावर येणारा कोल्हा दिसला तर रेबीज किंवा कुत्र्यांचा डिस्टेंपर असू शकतो. लांब व्हा, गुरं-कुत्री बांधा, वन खात्याच्या रेंज कार्यालयाला कळवा. कुत्र्यांचं लसीकरण गोव्यात मोठ्या प्रमाणावर झालंय, म्हणून निर्धास्त राहू नका. कोल्ह्यांना कुणी लस देत नाही. चावा किंवा ओरखडा काहीही असो, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. हळद, चुना, मिरची काही नको.

आता तुमचा मळा. फुटलेलं कलिंगड कोल्ह्यानेच फोडलं हे आधी पक्कं करा. रानडुकराने केलं तर वेली उपटलेल्या, माती नांगरल्यासारखी. साळिंदराच्या कुरतडीत पुढच्या दातांच्या रुंद खुणा सालीवर उठतात. माकड फळ उचलून नेऊन बांधावर खातं. कोल्हा पिकलेलं फळ हेरून एका बाजूने भोक पाडतो, आतला गर खातो, आणि दुसऱ्या रात्री नव्या फळाकडे वळतो. माझा अनुभव असा की कोल्ह्याच्या नावावर खपवलेली निम्मी नासाडी डुकरांची असते.

कोल्हाच असेल तर उपाय कंटाळवाणे पण चालणारे आहेत. फुटकी, कुजकी फळं रोज संध्याकाळी उचलून पुरा. ती पडून राहिली की वासावर कोल्हाही येतो आणि डुक्करही. पिकत आलेली फळं पेंढ्याने झाका. मळ्याभोवती बारीक जाळी लावा आणि तिची खालची कड फूटभर बाहेरच्या बाजूला दुमडून मातीत गाडा, कारण कोल्हा जाळीवरून उडी मारण्याआधी खालून उकरून बघतो. कोंबड्या असतील तर दिवेलागणीच्या आत खुराड्यात. सौर कुंपण घ्यायचं तर मान्यताप्राप्त यंत्राचंच. विजेच्या खांबावरून तार ओढून कुंपणात सोडणं हा गुन्हा आहेच, शिवाय त्यात शेवटी शेजारचा गुराखी मरतो. विषाचं तर नाव काढू नका. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीला, गुरं मारली म्हणून घातलेल्या विषाने म्हादई अभयारण्यातली वाघीण आणि तिचे तीन बछडे मेले. विष घालणाऱ्याच्या हातात फक्त घालणं असतं. ते कोण खाईल हे त्याच्या हातात नसतं.

आणि ते चिकनचं पोतं कुठे रिकामं होतं ते शोधा. सापडलं तर पंचायतीत तोंडी सांगू नका, लेखी तक्रार द्या, फोटोसकट. ढिगारा उठला की कोल्हे उंदरांकडे आणि करवंदांकडे वळतील, दिवसाचं दिसणं थोडं कमीही होईल. पिल्लं फिरती होईपर्यंत, म्हणजे पाऊस लागेपर्यंत, जोडी तुमच्या गडग्यावरून जात राहीलच. तोवर उत्तरेच्या कोपऱ्यातला एखादा काजू हेरून सकाळी साडेसहाच्या आत तिथे जाऊन बसा.